वाफेचा खरा भाव कसा काढायचा: साखर कारखान्याच्या कोजनवर एक्सर्जी आणि रुपयांचा एकत्र हिशोब

साखर कारखान्यात कोजन (एकाच बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, वाफ आणि वीज दोन्ही करणं) आलं की एक भांडण दर हंगामाला ठरलेलं असतं, वाफ केवढ्याला पडली आणि वीज केवढ्याला पडली. मी ज्या कारखान्यात सुरुवातीला होतो तिथे बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आठवड्यात यावरून मिटिंग व्हायची. अकाउंटवाले म्हणायचे एकच बगॅस जळतो, एकच बॉयलर आहे, मग एकूण खर्च किलोकॅलरीच्या प्रमाणात वाटून टाका, हिशोब संपला. त्या हिशोबात वीज इतकी स्वस्त दिसायची की फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवायचा प्रस्ताव तीन वर्षं कपाटात पडून राहिला, आणि पीआरडीएसचा (टर्बाइनला वळसा घालून वाफेचा दाब आणि तापमान उतरवून ती थेट प्रोसेसला, म्हणजे साखर बनवण्याच्या विभागाला, देणाऱ्या व्यवस्थेचा) व्हॉल्व्ह हंगामभर उघडा असायचा, कारण "उष्णता कुठे वाया जातेय, सगळी प्रोसेसलाच जातेय ना". त्या व्हॉल्व्हचा शिट्टीसारखा आवाज टर्बाइन हॉलपर्यंत यायचा आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. तो आवाज म्हणजे पैसे जळतायत हे मला फार उशिरा कळलं, म्हणून जे नवीन मुलं-मुली कोजन, बॉयलर, एनर्जी ऑडिट यात येतायत त्यांच्यासाठी हे सगळं पायरी पायरीने लिहितोय. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, आकडे स्वतः करून बघितल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

आधी एक्सर्जी समजून घ्या

थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम सांगतो ऊर्जा नष्ट होत नाही. मग आपण पैसे नेमके कशाचे मोजतो? एक युनिट वीज आणि एक युनिट कोमट पाण्यातली उष्णता, दोन्ही ऊर्जा म्हणून सारख्याच, पण कोमट पाण्यावर कुणी ऊस गाळू शकत नाही. दुसरा नियम इथे येतो. आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत एखाद्या गोष्टीतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, त्या आकड्याला एक्सर्जी म्हणतात. हा शब्द झोरान रांट या स्लोव्हेनियन प्राध्यापकाने 1956 साली दिला, कल्पना त्याच्या खूप आधीची आहे. एक्सर्जी नष्ट होते, रोज होते, आणि म्हणूनच तिला भाव लावता येतो.

सोपी चाचणी सांगतो. उष्णता किती तापमानाला आहे ते केल्विनमध्ये घ्या, हवेचं तापमान भागिले ते तापमान करा आणि 1 मधून वजा करा. हवा 25 अंश सेल्सिअस म्हणजे साधारण 298 केल्विन. इव्हॅपोरेटरला (रस आटवायच्या भांड्याला) जाणारी एक्झॉस्ट स्टीम, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ, 127 अंशाच्या आसपास थंड होऊन पाणी होते, म्हणजे 400 केल्विन. 1 वजा 298 भागिले 400, उत्तर आलं 0.255. म्हणजे प्रोसेसला दिलेल्या 100 युनिट उष्णतेत कामाची किंमत असलेला भाग 25 युनिटच्या आसपासच आहे. विजेच्या 100 युनिटमध्ये मात्र 100. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच उभं आहे.

पायरी 1: प्लांटचे डबे पाडा

कागदावर दोनच डबे काढा, बॉयलर आणि बॅकप्रेशर टर्बाइन. सुरुवातीला डीएरेटर, पंप, कंडेन्सर काही घेऊ नका, नवीन माणूस पहिल्याच दिवशी पूर्ण पी अँड आयडी (सगळ्या पाइप आणि उपकरणांचा नकाशा) घेऊन बसतो आणि आठवड्याने सोडून देतो. बॉयलरमध्ये बगॅस आणि फीड वॉटर जातं, लाइव्ह स्टीम बाहेर येते. टर्बाइनमध्ये ती जाते, वीज आणि एक्झॉस्ट स्टीम बाहेर येते. एक्झॉस्ट प्रोसेसला जाते आणि तिचं कंडेन्सेट परत येतं.

आपल्या उदाहरणासाठी ताशी 100 टन वाफ, 60 बार, 500 अंश. एक्झॉस्ट 2.5 बार अॅब्सोल्यूट, म्हणजे हवेचा दाब धरून. टर्बाइनची आयसेंट्रॉपिक एफिशियन्सी (आदर्श टर्बाइनच्या तुलनेत प्रत्यक्ष किती काम निघतं ते) 80 टक्के. फीड वॉटर 105 अंशाला. बगॅस 50 टक्के ओलाव्याचा, एक किलो बगॅसला 2.2 किलो वाफ, म्हणजे ताशी साधारण 45.5 टन बगॅस. हे आकडे शिकण्यासाठी घेतलेत, तुमच्या लॉगशीटचे वेगळे असतील.

पायरी 2: प्रत्येक प्रवाहाची एक्सर्जी काढा

सूत्र एकच: प्रवाहाची एन्थाल्पी (प्रवाहाबरोबर येणारी एकूण ऊर्जा) वजा हवेच्या स्थितीतल्या पाण्याची एन्थाल्पी, त्यातून वजा 298 गुणिले एन्ट्रॉपीमधला (ऊर्जेचा दर्जा किती पडलाय त्याच्या मापातला) फरक. स्टीम टेबल लागेल, छापील चालेल, नाहीतर कूलप्रॉप नावाची फुकट लायब्ररी आहे ती एक्सेललाही जोडता येते.

लाइव्ह स्टीम एकदा पूर्ण करून दाखवतो. 60 बार 500 अंशाला एन्थाल्पी 3,423 किलोज्यूल प्रतिकिलो, एन्ट्रॉपी 6.883. 25 अंशाच्या पाण्याची एन्थाल्पी 104.9, एन्ट्रॉपी 0.367. म्हणजे 3,318 वजा 298.15 गुणिले 6.516, उत्तर 1,375 किलोज्यूल प्रतिकिलो. ताशी 100 टन म्हणजे सेकंदाला 27.78 किलो, गुणलं की 38.2 मेगावॉट.

असंच एक्झॉस्टचं करा. टर्बाइनमधून प्रत्येक किलोमागे 619 किलोज्यूल काम निघतं, एन्थाल्पी 2,804 वर येते, एन्ट्रॉपी 7.256, एक्सर्जी 645, म्हणजे 17.9 मेगावॉट. फीड वॉटर पंपाच्या दाबासकट 44 किलोज्यूल, म्हणजे 1.2 मेगावॉट. आणि वीज 17.2 मेगावॉट, जनरेटरचा लॉस इथे धरलेला नाही, तुम्ही धरा.

इथे एक तपासणी करूनच पुढे जा. प्रोसेसला मिळालेली निव्वळ एक्सर्जी 17.9 वजा 1.2, म्हणजे 16.7 मेगावॉट. प्रोसेसला मिळालेली उष्णता 65.5 मेगावॉट. भागाकार केला की 25.5 टक्के, म्हणजे वरच्या चाचणीत आलं होतं तेच. हे जुळलं नाही तर कुठेतरी युनिट चुकलंय, किलोकॅलरी आणि किलोज्यूल मिसळलेत किंवा गेज प्रेशर (हवेच्या दाबाच्या वरचा दाब) अॅब्सोल्यूट म्हणून टाकलंय. ही दुसरी चूक इतकी कॉमन आहे की मी आता एक्सेलमध्ये प्रेशरच्या कॉलमवरच "अॅब्सोल्यूट" लिहून ठेवतो.

पायरी 3: इंधनाची एक्सर्जी

बगॅसची केमिकल एक्सर्जी त्याच्या नेट कॅलरिफिक व्हॅल्यूपेक्षा (जळताना मिळणाऱ्या निव्वळ उष्णतेपेक्षा) जास्त असते, कारण ओलावा आणि ऑक्सिजनचा हिशोब वेगळा लागतो. 50 टक्के ओल्या बगॅसची नेट व्हॅल्यू 7,600 किलोज्यूलच्या आसपास धरली तर एक्सर्जी 10,000 च्या आसपास येते. ताशी 45.5 टनाला गुणा, 126 मेगावॉट.

आता बॉयलरकडे दोन चष्म्यांतून बघा. ऊर्जेच्या हिशोबात नेट व्हॅल्यूवर 86 टक्के एफिशियन्सी, चीफ इंजिनिअर खूश. एक्सर्जीच्या हिशोबात 126 आत गेले, 37 (वाफेचे 38.2 वजा फीड वॉटरचे 1.2) बाहेर आले, म्हणजे 29 टक्के. बाकीचं कुठे गेलं? चिमणीतून थोडं गेलं, पण बहुतेक भट्टीतच गेलं, ज्वलन होताना, बगॅसमधलं पाणी उकळताना, आणि हजार अंशाच्या वरचा गॅस 500 अंशाच्या वाफेला उष्णता देताना. तिथे ऊर्जा हरवत नाही, तिचा दर्जा पडतो.

जुना एकवीस किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 21 किलो दाबाचा) बॉयलर आणि नवीन हाय प्रेशर बॉयलर यात काय फरक आहे ते पण इथेच कळतं. 21 किलो 340 अंशाच्या वाफेची एन्थाल्पी साधारण 3,113 आणि आपल्या वाफेची 3,423, म्हणजे 10 टक्केच जास्त. एक्सर्जी मात्र साधारण 1,060 वरून 1,375 वर जाते, जवळपास 30 टक्के जास्त. अनेक कारखाने 67, 87, 110 किलोच्या बॉयलरकडे का गेले याचं उत्तर एफिशियन्सीच्या टक्क्यात शोधलं तर सापडतच नाही.

पायरी 4: रुपये प्रति तास

इथे इंजिनिअर लोक कंटाळा करतात आणि इथेच सगळं बिघडतं. प्रत्येक डब्याचा भांडवली खर्च ताशी रुपयांत आणायचा. पद्धत अशी: किंमत गुणिले कॅपिटल रिकव्हरी फॅक्टर (व्याज धरून भांडवलाचा दर वर्षी पडणारा हिस्सा), त्यात वर्षाचा मेंटेनन्स मिळवा, आणि वर्षात प्रत्यक्ष चाललेल्या तासांनी भागा. व्याज 10 टक्के आणि आयुष्य 20 वर्षं धरलं तर फॅक्टर 0.1175 येतो.

समजा बॉयलर 60 कोटी, टर्बाइन 30 कोटी, मेंटेनन्स दोन्हीवर वर्षाला 3 टक्के, हंगाम 160 दिवसांचा म्हणजे 3,840 तास. बॉयलरचे ताशी 23,050 रुपये, टर्बाइनचे 11,500. बगॅस टनाला 2,500 रुपये धरला तर इंधन ताशी 1,13,750. सगळं मिळून ताशी 1,48,300 रुपये.

तास किती धरायचे यावर थांबून विचार करा. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला आणि हंगाम 100 दिवसांत आटोपला तर तेच भांडवल 2,400 तासांवर पडतं आणि पायरी 5 मध्ये निघणारा विजेचा 5 रुपये 3 पैसे हा दर 5 रुपये 87 पैसे होतो, मशीनमध्ये एक बोल्टही न बदलता. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये वर्षाचे 8,000 तास दिसले तर आधी विचारा हंगामानंतर काय जाळणार आहात.

आणि बगॅसचा भाव शून्य धरू नका, घरचाच आहे म्हणून. तो कागद कारखान्याला किंवा शेजारच्या बॉयलरला विकता आला असता तर जेवढे मिळाले असते तेवढा त्याचा भाव. शून्य धरला की वीज 1 रुपया 40 पैशाला पडल्यासारखी दिसते आणि मग बगॅस वाचवायची कुठलीच योजना कधीच परवडत नाही. गेटवर चौकशी करून त्या हंगामाचा चालू भाव घ्या, वाहतूक वजा करून.

पायरी 5: ताळेबंद मांडा

नियम असा की डब्यात आलेल्या सगळ्या प्रवाहांचे पैसे अधिक डब्याचा स्वतःचा ताशी खर्च म्हणजे बाहेर गेलेल्या प्रवाहांचे पैसे. पैसा कुठेही नष्ट होत नाही, एक्सर्जी मात्र होते, म्हणून प्रत्येक डब्यानंतर उरलेल्या एक्सर्जीचा दर युनिटला वाढत जातो. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे.

126 मेगावॉट म्हणजे ताशी 1,26,000 युनिट, त्यामुळे बगॅसच्या एक्सर्जीचा दर 1,13,750 भागिले 1,26,000, म्हणजे युनिटला 90 पैसे. बॉयलरमधून निघताना 1,13,750 अधिक 23,050, भागिले 37,000, दर झाला 3 रुपये 70 पैसे. चौपट!

टर्बाइनला बाहेर जाणारे प्रवाह दोन आहेत, वीज आणि एक्झॉस्ट, आणि समीकरण एकच. त्यामुळे एक जादा नियम लागतो. टर्बाइन कशासाठी घेतलं? विजेसाठी. वाफ फक्त तिच्यातून वाट काढून पुढे जाते, म्हणून एक्झॉस्टमधल्या एक्सर्जीचा दर लाइव्ह स्टीमच्या दराइतकाच, 3.70. टर्बाइनचा सगळा खर्च आणि आतली सगळी नासाडी विजेच्या डोक्यावर. वाफेने टर्बाइनमध्ये सोडलेली एक्सर्जी 38.2 वजा 17.9, म्हणजे 20.3 मेगावॉट, गुणिले 3.70, अधिक 11,500, भागिले 17,200. वीज 5 रुपये 3 पैसे. प्रोसेसला गेलेली वाफ 16.7 मेगावॉट गुणिले 3.70, म्हणजे ताशी 61,700, टनाला 617 रुपये.

वीज आणि वाफेचा खर्च या पद्धतीने वाटावा हे अमेरिकेत जोसेफ कीननने 1932 सालीच सुचवलं होतं. पुढे ट्रायबस आणि एव्हन्स यांनी 1962 च्या सुमारास समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर काम करताना याला थर्मोइकॉनॉमिक्स नाव दिलं, आणि 1984 मध्ये जॉर्ज त्सात्सारोनिसने एक्सर्जोइकॉनॉमिक्स हा शब्द आणला. पेपर वाचताना दोन्ही नावं दिसतील, नवीन माणसाने त्यात गोंधळून जायचं कारण नाही.

आता मिटिंगमधल्या भांडणाकडे या. सगळा खर्च विजेवर टाकला आणि वाफ फुकट धरली तर वीज 8 रुपये 62 पैसे. किलोकॅलरीने वाटला तर वीज 1 रुपया 79 पैसे आणि वाफ टनाला 1,175. एक्सर्जीने 5.03 आणि 617. प्लांट एकच, बगॅस एकच, खर्चाची बेरीज एकच. तिसऱ्या उत्तरातही गृहीतक आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. टर्बाइनचा खर्च दोघांनी मिळून उचलावा असं ठरवलं तर वीज 4 रुपये 38 पैसे आणि वाफ टनाला 730 येते. पण यातलं कुठलंही गृहीतक घ्या, 1 रुपया 79 पैशाच्या जवळपासही येत नाही. किलोकॅलरीचा हिशोब 127 अंशाच्या उष्णतेला विजेइतकाच मान देतो, त्यामुळे साखरेचा खर्च फुगतो आणि वीज उधळली जाते.

पायरी 6: उत्तर वाचायला शिका

दर काढून फाइल बंद करू नका, खरं काम आता सुरू होतं. प्रत्येक डब्यात नष्ट झालेल्या एक्सर्जीला त्या डब्यात आत येणाऱ्या एक्सर्जीच्या दराने गुणा. बॉयलरमध्ये 89 मेगावॉट गेले, दर 90 पैसे, म्हणजे ताशी सुमारे 80,000 रुपये. टर्बाइनमध्ये फक्त 3.1 मेगावॉट गेले, पण तिथला दर 3.70, म्हणजे ताशी 11,400 रुपये. एक मेगावॉट टर्बाइनमध्ये गेला तर तो बॉयलरमध्ये गेलेल्या मेगावॉटपेक्षा चौपट महाग.

मग नासाडीचे पैसे आणि डब्याचा भांडवली खर्च शेजारी शेजारी ठेवा. टर्बाइनला दोन्ही जवळपास सारखे, 11,400 आणि 11,500, म्हणजे खर्च आणि कार्यक्षमता यांचा तोल बरा आहे. बॉयलरला नासाडी 80,000 आणि भांडवल 23,000, म्हणजे आणखी पैसे घालून चांगला बॉयलर, बगॅस ड्रायर, चांगला एअर प्रीहीटर याचा विचार करायला जागा आहे. पण घाई नको. ज्वलनातली बरीचशी नासाडी कितीही पैसे घातले तरी टळत नाही, तेव्हा टाळता येणारी किती आणि न टाळता येणारी किती हे वेगळं करूनच मॅनेजमेंटपुढे जा, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

आता तो पीआरडीएस. 60 बारची वाफ व्हॉल्व्हमधून थेट 2.5 बारवर आणली की एन्थाल्पी तशीच राहते, ऊर्जेच्या ताळेबंदात लॉस शून्य. एन्ट्रॉपी मात्र 6.88 वरून 8.33 च्या आसपास जाते. फरक गुणिले 298, किलोमागे जवळपास 430 किलोज्यूल एक्सर्जी त्या एका व्हॉल्व्हमध्ये संपते, पुढे पाणी मारून वाफ थंड करताना जाते ती वेगळीच. ताशी 10 टन वाफ तिथून गेली तर 1.2 मेगावॉट, 3.70 च्या दराने ताशी 4,400 रुपये. तो व्हॉल्व्ह हंगामभर तसाच चालला तर 1 कोटी 70 लाखाच्या आसपास. तीच 10 टन वाफ टर्बाइनमधून गेली असती तर तासाला 1,720 युनिट वीज झाली असती. टर्बाइन ट्रिप झाल्यावर किंवा प्रोसेसला अचानक जास्त वाफ लागल्यावर पीआरडीएस लागतोच, तो नसेल तर पॅन (साखर शिजवायची भांडी) थंड पडतील. माझं म्हणणं त्याच्या रोजच्या ओपनिंगबद्दल आहे, ते लॉगशीटमध्ये तासाच्या तासाला लिहिलं गेलं पाहिजे, आणि त्याच्या शेजारी रुपये.

पायरी 7: पुढे वाढवताना

पंप, डीएरेटर (फीड वॉटरमधली हवा काढणारं भांडं), एक्स्ट्रॅक्शन (टर्बाइनच्या मधूनच काढलेली वाफ) हे डबे एकेक करून जोडा आणि प्रत्येक वेळी पैशांची बेरीज जुळते का ते बघा. कंडेन्सिंग टर्बाइन असेल तर कंडेन्सरपाशी बरेच लोक फसतात. किलोकॅलरीत तो सगळ्यात मोठा चोर दिसतो, पण 45 अंशाच्या उष्णतेत 1 वजा 298 भागिले 318, म्हणजे 6 टक्केच एक्सर्जी असते. कंडेन्सर स्वतः काही विकत नाही, तो टर्बाइनसाठी आहे, म्हणून त्याचा खर्च टर्बाइनच्या विजेवर टाका, त्याला स्वतंत्र प्रॉडक्ट शोधत बसू नका.

हवेचं तापमान 25 धरलंय, मराठवाड्यात मार्चच्या दुपारी ते 38 असतं. हंगामाच्या सरासरीचं एकच तापमान घ्या आणि सगळीकडे तेच ठेवा, रोज बदललं तर दोन महिन्यांची तुलनाच होत नाही. आणि हे दर म्हणजे सरासरी खर्च आहे, ग्रीडला आणखी एक युनिट विकावं की नाही याचं उत्तर यातून थेट निघत नाही, त्यासाठी ते एक युनिट जास्त काढायला जादा बगॅस किती लागला ते वेगळं मोजावं लागतं. हा फरक न कळल्यामुळे मी स्वतः एकदा चुकीची शिफारस करून बसलो होतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

सरावासाठी सीजीएएम नावाचा प्रॉब्लेम घ्या, 1994 मध्ये या विषयातल्या चार जणांनी आपापल्या पद्धती तपासायला एकत्र मांडलेला, 30 मेगावॉट वीज आणि सेकंदाला 14 किलो 20 बारची सॅच्युरेटेड वाफ देणारा गॅस टर्बाइन प्लांट. सगळा डेटा त्यात दिलेला आहे आणि उत्तरं छापलेली आहेत, त्यामुळे स्वतःचं एक्सेल बरोबर चालतंय का ते कुणाला न विचारता कळतं. ते जुळलं की तुमच्या कारखान्याची कालची लॉगशीट उघडा आणि पीआरडीएसच्या ओळीपासून सुरू करा.